ट्रॅक्टरवर पाण्याच्या बाटलीची सोय

उन्हाळी नांगरटीस चालकाजवळ पाणी हवेंच. परंतु बाटली पायाशीं मोकळी ठेवणें घातक होय. माझी बाटली एकदां उतारावर घरंगळून ब्रेकच्या पेडलखालीं अडकली आणि ट्रॅक्टर बांधावर थडकला. दैव बलवत्तर म्हणून निभावलें. त्यानंतर पुढील सोय केली.

बाटली सहज बसेल एवढ्या रुंदीच्या पीव्हीसी नळीचा वीतभर तुकडा घ्यावा. तळाशीं आडवा बोल्ट घालावा, म्हणजे बाटली टेकते व धूळपाणी खालीं निघून जातें. आंतून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी लावल्यास खडखड थांबते. हा तुकडा लोखंडी पट्टीनें मडगार्डच्या मूळच्याच बोल्टांत कसावा. सायलेन्सर, दांडे व चढण्याची वाट यांपासून तो दूर असावा. चालकाच्या संरक्षक चौकटीस मात्र भोंक पाडूं नये वा वेल्डिंग करूं नये. ट्रॅक्टर उलटल्यास तीच चौकट जीव राखते.