कोयत्यामागे 51 रुपये

आमच्या गावात वर्गणी घरटी ठरत नाही, कोयत्यामागे ठरते. ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दसऱ्याच्या आगंमागं टोळ्या कारखान्याला निघतात. त्याआधी मुकादमाची उचल हातात आलेली असते आणि गावकीची कामं त्याच आठ-पंधरा दिवसांत धरावी लागतात. नंतर गावात म्हातारे, शेळ्या आणि कुलपं. अंबाजोगाई तालुक्यातल्या आमच्या महादेवाच्या देवळाची गेल्या तीस वर्षांतली सगळी डागडुजी या पैशावर झाली. त्यातली निम्मी चुकली, आणि त्या चुकांचा हिशेब माझ्याच अक्षरात आहे.

सुरुवात किल्लारीच्या भूकंपापासून. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे आमच्याकडंही भांडी वाजली, माणसं अंगणात आली, सकाळी रेडिओवर खरं काय ते कळलं. किल्लारी-सास्तूरला मदतीला जाऊन आलेल्यांनी दगडमातीच्या भिंतींखाली जे पाहिलं, ते ऐकून गावाचा दगडावरचा भरवसाच उडाला. ज्याला जमेल त्यानं स्लॅब टाकला. मग देव तरी दगडाखाली का ठेवायचा? पुढच्या दसऱ्याला बैठक झाली, कोयत्यामागे 51 रुपये ठरले. बाहेरून आणलेल्या गवंड्यानं भिंतींचे सांधे सिमेंटनं भरले, पुढच्या मोडक्या मंडपावर स्लॅब ओतला. खांबांना पिस्ता रंगाचा ऑइलपेंट लागला, खाली गुळगुळीत फरशी आली. आमचं देऊळ कुठल्याच संरक्षित यादीत नव्हतं, त्यामुळं कुणी अडवायचाही प्रश्न नव्हता. सप्ताहाच्या काल्याला ते काय झळकत होतं!

आमच्या देवळाच्या हेमाडपंती कामाचं इंगित आम्हाला फार उशिरा कळलं. त्यात चुना नसतो. एका दगडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारा उंचवटा, आणि बाकी सगळं वजनावर. सांध्यांतून ओल येते, सांध्यांतूनच निघून जाते. आम्ही ती वाटच बुजवली. सात-आठ पावसाळ्यांत खांबांच्या बुडाला लोणा लागला. ऑइलपेंटचे पापुद्रे सुटायला लागले, आणि पापुद्र्यासोबत दगडाचं पीठ. आम्ही काय केलं? पुन्हा वर्गणी काढून पुन्हा रंग दिला.

बारवेकडं मात्र या सगळ्या काळात कुणी पाहिलं नाही. देवळामागची ती पायऱ्यांची विहीर नळ आल्यापासून गावाचा उकिरडा झाली होती. तिची दशा पालटली ती 2016 मध्ये. त्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्याच उन्हाळ्यात पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा राज्यात पहिल्यांदा झाली. वरूड, कोरेगाव आणि आमचा अंबाजोगाई, असे तीनच तालुके त्यात होते. टोळ्या नुकत्याच परतलेल्या, हातात टिकाव-फावडी होतीच. बांधबंदिस्तीचं काम चालू असताना बायकांनीच विषय काढला की बारवेतला गाळ का नाही काढायचा? पैसा शून्य, नुसते हात. पाट्यांची रांग लागली. खाली खाली जाताना देवकोष्ठं उघडी पडली, आणि दगडांवर बोटभर आकाराच्या खुणा दिसल्या: त्रिशूळ, मासा, नुसती एक रेघ. कुणी म्हणालं, खजिन्याच्या खुणा. त्या पाथरवटांच्या होत्या, आपापलं काम ओळखू यावं म्हणून कोरलेल्या. कोयत्याचा हिशेब ठेवणाऱ्या मला ते पटकन समजलं.

बीडची खजाना विहीर मी त्यानंतर मुद्दाम बघून आलो. निजामशाहीतल्या सलाबतखानानं 1582 च्या सुमारास राजा भास्कराकडून बांधवून घेतलेली. भुयारातून पाणी आपोआप उताराच्या रानात जातं, उपसावं लागत नाही. माझ्या मते ती टिकली ती त्या वाहत्या पाण्यामुळंच. पुढं 2020 च्या सुमारास रोहन काळे यांच्या बारव मोहिमेनं राज्यभरच्या बारवा नकाशावर आणल्या, महाशिवरात्रीला दिवे लागू लागले. तेव्हा आमच्या पोरांनीही पणत्या आणल्या. त्याच पोरांनी खांबावरचा ऑइलपेंट काढायला घेतला. जाणकाराला विचारून, वाळूचा मारा न करता, औषध लावून मऊ ब्रशनं. एका खांबाला आठ दिवस लागले. चौथ्या दिवशी रंगाखालून एका बाईचा पाय वर आला, तोड्यांसकट. पोटरीपाशी आमच्या गवंड्याच्या सिमेंटचा गोळा अजून तसाच चिकटलाय.

2024 मध्ये अंबाजोगाईत बाराखांबी मंदिराच्या आवारात पुरातत्त्व खात्यानं खोदलं, जुन्या मंदिरांची जोती निघाली. बघून आलेली पोरं आता विचारतात, आपल्या फरशीखाली काय आहे? स्लॅब उतरवायचाही विषय निघालाय. मागच्या दसऱ्याला बैठक बसली, वर्गणीवर कुणी वाद घातला नाही. अडलं दुसऱ्याच ठिकाणी. स्लॅबच्या दर्शनी तुळईवर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी आहे. त्यातले बरेचजण आता नाहीत. तिसऱ्या ओळीत माझे वडील आहेत. पाटीकडं बघत एकजण म्हणाला, ‘‘आमच्या बापानं ऊस तोडून दिलेत हे पैसे, हातोडा कोण घालणार?’’ टोळ्यांचे ट्रक दोन दिवसांवर आले होते. बैठक पाडव्यावर ढकलली आणि वही माझ्याकडंच ठेवली.