पावतीवर न लिहिलेले दान

सोनेतारण कर्जाच्या पावतीवर दागिन्याचे वजन, शुद्धता आणि मूल्य यांची चोख नोंद असते. तो दागिना कोणी, कोणासाठी आणि कोणत्या मनाने अंगावरून उतरवला, हे लिहिण्यासाठी मात्र तीत रकाना नसतो. जिवलगांमधील त्यागाचे मोल या न लिहिलेल्या भागातच दडलेले असते.

भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेत याचे एक तेजस्वी उदाहरण आहे. दादासाहेब फाळके यांना चलच्चित्राच्या ध्यासाने झपाटले, तेव्हा या देशात त्या कलेची वाट कोणी मळलेली नव्हती. आयुर्विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून ते १९१२ साली लंडनला गेले, तंत्र शिकले आणि कॅमेरा घेऊन परतले. मटारचे रोप कसे वाढते, हे टिपणारा एक छोटा चित्रपट त्यांनी केला, तो धनिकांचा विश्वास मिळावा म्हणून. पुढे पैशांची जुळवाजुळव करताना पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही कामी आले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

सरस्वतीबाईंचे देणे दागिन्यांपाशी थांबले नाही. कोऱ्या फिल्मला कडेने छिद्रे पाडण्याचे किचकट काम त्यांनी अंधारात बसून केले. चित्रीकरणात गुंतलेल्या सर्व मंडळींचा स्वयंपाक सांभाळला, मुलेही वाढवली. सोने एकदाच देता येते. श्रम, वेळ आणि विश्वास रोज द्यावे लागतात. दुसऱ्याचे स्वप्न आपले मानल्याखेरीज हे दुसरे दान घडत नाही.

तरीही वाचकहो, त्यागाचा गौरव करताना एक सावधगिरी हवी. मागून, दटावून किंवा ‘तुझे कर्तव्यच आहे’ असे सांगून मिळवलेली वस्तू म्हणजे त्याग नव्हे. ती वसुली होय. देणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक असेल, तरच त्याच्या ‘हो’ला अर्थ राहतो. आपला कायदाही हेच सांगतो. स्त्रीधन ही पत्नीची स्वतःची मालमत्ता असून ती पती-पत्नींची संयुक्त मालमत्ता ठरत नाही. अडचणीच्या काळी पतीने ते वापरले, तरी परत करण्याचे नैतिक बंधन त्याच्यावर असते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली पुन्हा स्पष्ट केले.

म्हणजे त्यागाला दोन टोके असतात. एका टोकाला देणाऱ्याचे औदार्य, तर दुसऱ्या टोकाला घेणाऱ्याची जाणीव. देणाऱ्याने हिशेब ठेवू नये, हे खरे. पण घेणाऱ्याने तो विसरू नये, हे त्याहून खरे. कर्जफेड झाल्यावर सोडवलेला दागिना पत्नीच्या हाती परत देणे, मुलांच्या शिक्षणासाठी भविष्यनिर्वाह निधी रिकामा करणाऱ्या वडिलांच्या म्हातारपणाची तजवीज करणे, धाकट्यांसाठी स्वतःचे शिक्षण सोडणाऱ्या बहिणीला घरच्या निर्णयात मानाचे स्थान देणे, ही त्या जाणिवेची साधी रूपे आहेत.

दादासाहेबांच्या नावाचा पुरस्कार १९६९ सालापासून दिला जातो. तो जाहीर होईल, तेव्हा अंधाऱ्या खोलीत फिल्मला छिद्रे पाडणाऱ्या त्या हातांचेही स्मरण करावे. आणि आपल्या घरात असे हात कोणाचे आहेत, हेही एकदा शांतपणे पाहावे. ते हात आज आपल्या जवळ असतील, तर कृतज्ञतेचा पहिला हप्ता भरण्यास उशीर कशाला?