एक यंत्र, तीन पाट्या

लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण ऑफिसातल्या लिनक्स यंत्रावर पोस्टफिक्स आणि डव्हकॉट बसवले आणि एका डोमेनचे मेल येऊ-जाऊ लागले. आज त्याच यंत्राला आणखी दोन डोमेनं जोडायची आहेत. हे काम मी पहिल्यांदा केलं ते सांगलीतल्या एका ऑफिसात. एकाच कुटुंबाचे तीन व्यवसाय होते: हळदीची अडत, ट्रान्सपोर्ट आणि शेतीपंपांची एजन्सी. जागा एक, हिशेब बघणारा माणूस एक, इंटरनेटची जोडणी एक. पण फर्म तीन, जीएसटी नंबर तीन, लेटरहेड तीन, म्हणून डोमेनंही तीन.

घरातल्या थोरल्या अण्णांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "म्हणजे आणखी दोन मशिनी घ्यायच्या का?" प्रश्न अगदी रास्त होता. एकेकाळी ई-मेलच्या पत्त्यात ॲटच्या खुणेनंतर यायचं ते थेट यंत्राचंच नाव असायचं. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये ती खूण निवडली तेव्हा तिचा अर्थच 'अमुक माणूस, तमुक यंत्रावर' असा होता. पुढे डोमेनांच्या नोंदी ठेवणारं डीएनएस आलं आणि जानेवारी १९८६ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी लिहिलेल्या आरएफसी ९७४ ने एमएक्स नोंदीनुसार मेल कसा पोचवायचा ते ठरवून दिलं. एमएक्स नोंद सांगते, 'या डोमेनचे मेल त्या यंत्राकडे द्या.' तेव्हापासून पत्त्यातलं डोमेन आणि मेल घेणारं यंत्र यांची फारकत झाली. तिन्ही डोमेनांच्या एमएक्स नोंदी एकाच यंत्राकडे बोट दाखवू शकतात. वाड्याच्या दारावर तीन बिऱ्हाडांच्या पाट्या असतात, पण पोस्टमन एकाच दारात येतो, तसंच हे आहे.

मात्र त्या दाराला स्वतःचं एकच नाव हवं, आणि इथे पुष्कळ जण अडखळतात. डोमेनं तीन म्हणून ते यंत्रालाही तीन नावं द्यायला जातात, तीन आयपी मागतात, तीन प्रमाणपत्रं काढतात. त्याची काहीच गरज नसते. हळदीचं डोमेन सगळ्यात जुनं, म्हणून आम्ही यंत्राचं नाव त्याच्याखाली ठेवलं: पुढे 'मेल', मग टिंब, मग ते डोमेन. बाकीच्या दोन डोमेनांच्या एमएक्स नोंदींतही हेच नाव घातलं. एमएक्समध्ये आयपीचा आकडा लिहायचा नसतो आणि सीनेम असलेलं टोपणनावही चालत नाही. स्वतःची ए नोंद असलेलं खरं नाव लागतं. लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्रही त्याच एका नावाचं काढलं. मग ऑफिसातल्या सगळ्यांना सांगितलं, की तुमचा पत्ता कुठल्याही फर्मचा असो, आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये सर्व्हरच्या रकान्यात हेच नाव घाला. ट्रान्सपोर्टच्या मुलाने आपल्या डोमेनचं नाव घातलं आणि प्रमाणपत्र जुळत नसल्याची सूचना आली, एवढाच काय तो त्रास झाला.

या नावाला उलटी नोंदही लागते. आयपीवरून नाव सांगणारी ही पीटीआर नोंद डोमेन विकणाऱ्याच्या पॅनलमध्ये सापडत नाही, कारण आयपी ज्याचा, उलटी नोंद त्याच्या हातात. म्हणून स्थिर आयपी देणाऱ्या इंटरनेट कंपनीला लेखी कळवून ती करून घ्यावी लागते. आमचे त्यात बरेच दिवस गेले. तेव्हा हा अर्ज सगळ्यात आधी करा आणि बाकीचं काम मधल्या काळात उरका. नावावरून आयपी, आयपीवरून तेच नाव, आणि बोलताना सर्व्हर स्वतःची ओळख करून देतो तेही तेच नाव, हे तिन्ही जुळलं पाहिजे. जीमेलसारखे मोठे स्वीकारणारे नाव आणि आयपी यांची ही जोडी तपासतात.

आता मुख्य मुद्दा. यात माझी एक चूक आहे, ती सांगतोच. पोस्टफिक्समध्ये 'मायडेस्टिनेशन' नावाची ओळ असते. तिथे लिहिलेल्या डोमेनांचे मेल यंत्र आपले समजून घेतं. मी तिन्ही डोमेनं तिथेच लिहिली. मेल येऊ लागले, मी निर्धास्त झालो. आठवड्याभराने पंपांच्या एका डीलरने 'इन्फो' या पत्त्यावर पाठवलेलं दरपत्रक हळदीच्या काउंटरवर उघडलं गेलं. कारण साधं होतं. मायडेस्टिनेशनमधली सगळी डोमेनं यंत्रावरच्या त्याच खात्यांशी जोडलेली असतात. 'इन्फो' नावाचं खातं एक, म्हणून तिन्ही डोमेनांचा 'इन्फो' एकच. यंत्राने सांगितलं तसंच केलं होतं. प्रत्येक पत्ता कोणाचा, हे कुटुंबाला विचारायचं मीच विसरलो होतो.

म्हणून दुसऱ्या वेळी मी आधी कागद घेऊन बसलो. तिन्ही फर्मचे सगळे पत्ते लिहिले आणि प्रत्येकापुढे विचारलं: हा मेल कोण वाचणार? 'अकाउंट्स' तिन्हीकडे एकच माणूस. 'सेल्स' तीन वेगळी माणसं. अण्णांच्या नावाचा पत्ता तिन्ही डोमेनांवर हवा, पण पेटी एकच. पुढची सगळी मांडणी या कागदावर उभी आहे, त्यामुळे त्याला द्याल तेवढा वेळ थोडा.

डोमेनातल्या माणसांना स्वतःच्या पेट्या हव्या असतील तर ते डोमेन 'व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स'मध्ये जातं. तिथे पेटीसाठी यंत्रावर खातं उघडावं लागत नाही. सगळ्या पेट्या एकाच मर्यादित अधिकाराच्या खात्याच्या मालकीच्या असतात, आणि डिस्कवर आधी डोमेनचा फोल्डर, त्याच्या आत माणसाचा, अशी रचना करता येते. लॉगिनचं नाव म्हणजे पूर्ण पत्ता. म्हणून तीन 'सेल्स' एकमेकांच्या पायात येत नाहीत. डोमेनाला स्वतःची एकही पेटी नको, नुसते मेल दुसरीकडे वळवायचे असतील, तर 'व्हर्च्युअल ॲलियास डोमेन्स' पुरतं. आम्ही तिन्ही डोमेनं पेट्यांच्या यादीत घेतली, आणि 'अकाउंट्स' व अण्णांचे जादा पत्ते ॲलियासच्या तक्त्यातून एका पेटीकडे वळवले. हा तक्ता पेट्यांच्या डोमेनांनाही लागू पडतो.

मायडेस्टिनेशनमध्ये मग फक्त 'लोकलहोस्ट' आणि यंत्राचं स्वतःचं नाव उरायला हवं. एकच डोमेन दोन्हीकडे ठेवलं तर पोस्टफिक्स लॉगमध्ये तसा इशारा देतो, आणि मेल पोचवताना मायडेस्टिनेशनलाच मान देतो. तुम्ही तयार केलेल्या पेट्या मग नसल्यासारख्याच. साध्या फायलीतले तक्ते बदलल्यावर 'पोस्टमॅप' चालवायचं, हेही अंगवळणी पाडून घ्या. नाहीतर तुम्ही वाचता ती यादी नवी आणि सर्व्हर वाचतो ती जुनी, असा घोळ तासभर खातो.

ॲलियासच्या तक्त्यात एक मोह होतो. एका ओळीत अख्खं डोमेन दुसऱ्या डोमेनाला जोडता येतं. ओळ दिसते सुबक, पण मग त्या डोमेनावर काहीही लिहिलेला पत्ता सर्व्हरला खरा वाटतो. सर्व्हर तो मेल आत घेतो, पुढे पेटी सापडत नाही, आणि 'पोचला नाही' असं उलट टपाल पाठवणाऱ्याला धाडतो. स्पॅमचा पाठवणारा बहुधा खोटा असतो. म्हणजे आपल्या यंत्राची रद्दी भलत्याच निरपराध माणसाच्या पेटीत पडते आणि आपला आयपी बदनाम होतो. 'काहीही आलं तरी एका पेटीत टाका' या सोयीबद्दलही मी हाच सल्ला देतो: नको. पत्ते एकेक करून लिहा. प्रत्येक डोमेनाला 'पोस्टमास्टर' मात्र द्या. मेलच्या नियमांनुसार तो पत्ता चालू असलाच पाहिजे.

बाहेर जाणाऱ्या मेलकडे येऊ. येताना एकाच दारातून आलं तरी चालतं, जाताना मात्र प्रत्येक फर्मने आपापला शिक्का उमटवायचा असतो. एसपीएफ म्हणजे 'आमच्या नावाने कोणती यंत्रं मेल पाठवू शकतात' याची डीएनएसमधली नोंद, आणि ती तिन्ही डोमेनांवर वेगवेगळी करावी लागते. डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. इथली चूक सहज नजरेतून सुटते: एकच किल्ली बसवली आणि तिन्ही फर्मच्या मेलांवर हळदीच्या डोमेनाची सही पडू लागली. सही तपासली तर खरी निघते. पण डीमार्क हा तिसरा नियम विचारतो, की 'फ्रॉम'मध्ये दिसणारं डोमेन आणि सहीतलं डोमेन एकच आहे का? पंपांचा मेल आणि हळदीची सही, हे त्याला चालत नाही. पाकिटावरचा पाठवणारा आणि एसपीएफ 'फ्रॉम'शी जुळत असेल तर मेल निभावतो, पण मेल पुढे फॉरवर्ड झाला की एसपीएफ बहुधा तुटतं आणि शाबूत सहीच कामाला येते. म्हणून प्रत्येक डोमेनाची स्वतंत्र किल्ली करा. २०४८ बिटांची किल्ली डीएनएसच्या एका तुकड्यात मावत नाही, कारण तुकड्याची मर्यादा २५५ अक्षरांची असते. ती दोन तुकड्यांत घालावी लागते. काही पॅनल हे आपोआप करतात, काही गुपचूप शेपूट कापतात. नोंद टाकल्यावर बाहेरून वाचून पूर्ण आली का ते बघा. जीमेल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याचे नियम कडक केल्यानंतर लहान ऑफिसांनाही ते टाळता येत नाहीत.

लॉगिन कोणाचं आणि 'पाठवणारा' कोण, हेही बांधून टाका. ट्रान्सपोर्टच्या लॉगिनवरून हळदीच्या नावाने भाव जाता कामा नये. पोस्टफिक्समध्ये लॉगिन आणि पाठवणारा यांची जोडी लावणारा तक्ता आहे. तो लावून न जुळणारा मेल नाकारायचा. एका कुटुंबात एवढा अविश्वास कशाला, असं अण्णांना वाटलं होतं. पण पासवर्ड चोरीला गेला तर नुकसान एकाच पत्त्यापुरतं राहतं, हे सांगितल्यावर त्यांना पटलं.

कोणाचं डोमेन देवनागरीत, म्हणजे '.भारत' खाली असेल, तर पोस्टफिक्सची ३.० किंवा पुढची आवृत्ती हवी. यादीत त्या डोमेनाचं देवनागरी रूप आणि 'एक्सएन'ने सुरू होणारं रोमन रूप अशी दोन्ही लिहा.

शेवटी चाचणी. बाहेरच्या खात्यावरून तिन्ही डोमेनांच्या 'सेल्स'ला एकेक मेल पाठवा आणि तिन्ही वेगवेगळ्या पेट्यांत पडले का ते बघा. उलट उत्तर पाठवून बाहेरच्या खात्यात मेलचं मूळ रूप उघडा. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्हींपुढे 'पास' दिसलं पाहिजे. मग प्रत्येक डोमेनाच्या मुद्दाम चुकीच्या पत्त्यावर एकेक मेल पाठवा. लॉगमध्ये ५५० हा आकडा आणि 'व्हर्च्युअल मेलबॉक्स टेबल'मध्ये असा माणूस नाही, अशी ओळ आली पाहिजे. त्या जागी 'लोकल रेसिपियंट टेबल' दिसलं, तर ते डोमेन अजून मायडेस्टिनेशनमध्ये राहिलेलं आहे. सांगलीत मला पंपांच्या डोमेनाची ओळ तशी दिसली होती. ते नाव खोडलं, पोस्टफिक्स पुन्हा वाचायला लावला आणि तोच चुकीचा मेल परत पाठवला.