पेंग्विन पाहून आलात, रानपिंगळा पाहिलात का?

खान्देशातला माणूस मुंबईला गेला की त्याची दोन ठिकाणं ठरलेली. एक समुद्र आणि दुसरी राणीची बाग. काम मंत्रालयात असो की दवाखान्यात, सोबत पोरगं असलं तर भायखळ्याला उतरावंच लागतं. तुम्हीही कधीतरी उतरला असाल. यंदा हिवाळ्यात भाच्याला घेऊन मीही गेलो. रात्रीच्या गाडीने जळगावहून निघालो, पहाटे दादरला उतरून लोकल धरली. जाणाऱ्यांनी एवढं मात्र ध्यानात ठेवा : बाग बुधवारी बंद असते. आमच्या गावचे चौघे एकदा बुधवारी जाऊन फाटकावरूनच परत आले होते.

बागेचं खरं नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १८६२ च्या सुमाराला राणी व्हिक्टोरियाच्या नावाने ती उभी राहिली, म्हणून लोकांच्या तोंडी अजून 'राणीची बाग'च आहे. गर्दी सगळी पेंग्विनपाशी. २०१६ साली दक्षिण कोरियातून आठ पेंग्विन आणले. हा पक्षी मूळचा पेरू-चिली किनाऱ्याचा, त्याच्यासाठी काचेआड यंत्राने गारवा राखलेला. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि आपण कडुनिंबाखाली गोणपाट भिजवून बसतो, ते आठवून मला हसू आलं. भाचा म्हणाला, "मामा, आपणही आत जाऊ ना!"

वाघाचंही असंच. २०२० साली शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी इथे आणली, ती तेव्हाच्या औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून. म्हणजे आपल्या शेजारच्या जिल्ह्यातले वाघ पाहायला आपण सव्वाचारशे किलोमीटर रेल्वेने जायचं! पुढे तरसाच्या पिंजऱ्यापाशी भाचा एकदम ओरडला, "मामा, हाई ते आपला नालामा फिरस!" आजूबाजूची मुंबईकर मंडळी त्याच्याकडे बघायला लागली. पोरगं खोटं बोलत नव्हतं. आमच्या नाल्याकडे मेलेलं ढोर टाकलं की रात्री तरस येतंच.

खरं सांगायचं तर मला त्या बागेत जास्त आवडलं ते पिंजऱ्याबाहेरचं. जुन्या उंच झाडांवर वटवाघळं शेकड्यांनी उलटी टांगलेली, वर घारी, आणि रातबगळे कुणाच्या परवानगीशिवाय बिनधास्त बसलेले. त्यांना पाहायला मात्र कुणी थांबत नव्हतं.

आता मुद्द्याचं. जगभरच्या पक्षी अभ्यासकांनी ज्याच्यासाठी शंभर वर्षं डोळे लावले, तो पक्षी कुठल्या प्राणिसंग्रहालयात नाही, आपल्या सातपुड्यात आहे. त्याचं नाव रानपिंगळा. १८७३ साली ह्यूम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे १८८० च्या दशकात खान्देशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या साहेबाने शहादा-तळोदा भागातून काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कुणाला दिसला नाही. जगात सगळे मिळून सात मेलेले नमुने, तेही संग्रहालयांच्या कपाटात. तज्ज्ञांनी धरून चालवलं, की संपला.

यात एक लबाडीही झाली. मायनर्ट्झहेगन नावाच्या एका इंग्रज कर्नलने संग्रहालयातला एक जुना नमुना चोरला, त्यावर नवी चिठ्ठी लावली आणि '१९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मी हा मारला' असं ठोकून दिलं. शोधणारे त्या खोट्या पत्त्यावर फिरत राहिले! पामेला रासमुसेन या अमेरिकन अभ्यासिकेने ती चोरी उघडी पाडली, खोटा पत्ता बाजूला सारला आणि डेव्हिडसनच्या खऱ्या पत्त्यावर, म्हणजे आपल्याकडे, आली. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला, सकाळच्या उन्हात एका निष्पर्ण झाडावर तिच्या सोबतच्या बेन किंग यांना हा पक्षी बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होता, नंदुरबार वेगळा झाला तो जुलै १९९८ मध्ये. पुढे यावल अभयारण्यात आणि मेळघाटातही रानपिंगळा सापडला.

आदिवासी पाड्यावरच्या गुराख्याला हा पक्षी ११३ वर्षं 'हरवला' होता असं सांगितलं तर तो काय म्हणेल? त्याच्या दृष्टीने तो रोजचाच. त्याला विचारायला कुणी गेलं नाही, एवढंच.

ओळखायचा कसा? तुमच्या-आमच्या घराच्या आढ्यावर, चिंचेच्या ढोलीत बसून तिन्हीसांजेला कलकलाट करतो तो साधा पिंगळा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्याचं, छाती गडद तपकिरी, पोट पांढरं आणि पाय अंगाच्या मानाने दणकट. मुख्य म्हणजे तो दिवसाउजेडी बसतो, शिकार करतो, ओरडतो. गावात तो यायचा नाही. त्याला सागाचं विरळ रान आणि ढोली असलेली जुनी झाडं लागतात. अशी झाडं तुटतात आणि रान नांगरलं जातं, तिथून तो जातो. घुबडाच्या जातीचा म्हणून अपशकुनी समजून दगड मारणारेही आहेतच.

दोन्ही पिंगळे उंदीर, सरडे, टोळ खातात. मक्याच्या वावरात उंदरांचा त्रास आहे म्हणता ना? विषाचे गोळे टाकल्यावर मेलेले उंदीर उचलून पुरत जा. ते खाऊन पिंगळाही मरतो आणि मग उंदरांना रान मोकळं.

जनावर दुरून पाहायला गोड, शेजारी आलं की वेगळं, हे मला ठाऊक आहे. रोही आणि डुकरांनी एका रात्रीत लोळवलेला हरभरा मी पाहिला आहे. चाळीसगाव तालुक्यात २०१७ साली बिबट्याने माणसं मारली, डिसेंबरात त्याला गोळी घालावी लागली, तेव्हा कापूस वेचायला बाया मिळत नव्हत्या. मुक्ताईनगरकडे डोलारखेड्याच्या पट्ट्यात केळीच्या बागांत वाघ राहिल्याचं सगळ्यांना माहीत आहे. पूर्णेचं पाणी, ठिबकचा ओलावा आणि गर्द सावली. त्याला अजून काय हवं? तिथल्या मुक्ताई-भवानी रानाला २०१४ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला.

भरपाईसाठी चकरा मारून चपला झिजतात, हेही खोटं नाही. पण निदान आपल्या बाजूने चूक नको. वाघ-बिबट्याने ढोर मारलं तर ४८ तासांच्या आत वनरक्षकाला किंवा पोलीस पाटलाला कळवा आणि पंचनामा होईस्तोवर ते जागेवरून हलवू नका. वास येतो म्हणून ओढून टाकलं की प्रकरण तिथेच बसतं. वन विभागाचा १९२६ हा फोन क्रमांकही आहे. पोलीस पाटलांनी तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून टाकावा. आणि डुकरांसाठी कुंपणात वीज सोडणाऱ्या भाऊंना काय सांगावं! त्या तारेला डुक्कर कोणतं आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी कोणता, हे कळत नाही.

परतीची गाडी दिवसाची होती. कसाऱ्याच्या घाटात वानरं दिसली. मनमाड, नांदगाव मागे पडलं आणि चाळीसगावच्या अलीकडे उजव्या हाताला पाटणादेवीचे डोंगर दिसू लागले. त्याच्या पलीकडच्या गौताळा अभयारण्यात २०२१ मध्ये ट्रॅप कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. हा टिपेश्वरच्या बाजूने शेतं, रस्ते ओलांडत आलेला, कुणी तिकीट न काढता पाहिलेला. भाच्याला ते सांगितलं तर तो डोंगराकडे बराच वेळ टक लावून बसला. मग वाघ दिसेना म्हणून तारांवरचे नीलपंख मोजू लागला. उडताना निळी झळाळी मारणारा हा पक्षी, आपण तास म्हणतो तोच. पाचोरा आलं तेव्हा अकरा झाले होते.

जळगावला उतरल्यावर आईने विचारलं, काय काय पाहिलं? पोराने पेंग्विन सांगितला, वाघ सांगितला आणि म्हणाला, "तास सतरा."