वाढलेला पेरू: कुठे कापायचा, कधी कापायचा?

बारामतीहून पिंपळीमार्गे इंदापूरकडे निघालात की नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचा ऊस दिसतो, आणि अधूनमधून पेरूच्या बागा. जुनी, छाटणी न झालेली बाग लगेच ओळखू येते. फांद्या एकमेकींत घुसलेल्या, आत अंधार, आणि फळं फक्त वर, हात पोचणार नाही अशा शेंड्याला. अशा वेळी मालकापुढे प्रश्न असतो : बाग काढायची की छाटायची?

द्राक्षाला ऑक्टोबर छाटणी ठरलेली असते. पेरू सदाहरित. तो पानं गाळून ‘आता कापा’ असं सांगत नाही. मग वेळ ठरवायची कशी? त्यासाठी कापल्यावर झाडात काय होतं ते बघू.

शेंडा कापला की काय होतं?

फांदीच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खाली वाहतं आणि बाजूचे डोळे दबलेले राहतात. थीमन आणि स्कूग यांनी 1933 मध्ये हे दाखवलं : शेंडा काढून त्या जागी ऑक्सिन लावलं, तर डोळे झोपलेलेच राहतात. पण गोष्ट तिथे संपली नाही. 2014 मध्ये क्वीन्सलंड विद्यापीठातल्या संशोधकांना मटाराच्या रोपांत दिसलं की ऑक्सिन कमी व्हायच्या आधीच डोळे हलायला लागतात. कारण साखर! शेंडा ती ओढून घेत असतो. तो गेला की ती डोळ्यांना मिळते.

म्हणजे नवी फूट साठवलेल्या अन्नावर येते. पाण्याविना सुकलेल्या, दमलेल्या झाडावर करवत चालवली तर फूट कमजोरच येणार. आधी पाणी, मग छाटणी.

कधी?

पेरूला फूल नव्या फुटीवर येतं. म्हणून छाटणीची तारीख फळाच्या तारखेपासून उलटी मोजायची. छाटणी ते फळ, साधारण सहा महिने धरा. पावसाळ्यातला पेरू पाणचट निघतो, फळमाशीही त्यालाच जास्त. हिवाळ्यातलं फळ गोड आणि टिकाऊ. म्हणून नेहमीची हलकी छाटणी, म्हणजे फांद्यांचे शेंडे मारणं, मे महिन्यात करतात.

किती?

फारच वाढलेल्या झाडाला शेंडे मारून भागत नाही. ते जमिनीपासून 1 ते 1.5 मीटरवर कापावं लागतं. इथे मन घट्ट करावं लागतं, कारण एक हंगाम हातचा जातो. पण सालीखाली सुप्त डोळे असतात आणि उघड्या लाकडातूनही धुमारे फुटतात. 40-50 सेंटीमीटर वाढल्यावर चांगले, चारी बाजूंना विभागलेले धुमारे ठेवा, बाकीचे काढा. ठेवलेले निम्म्यावर खुडा, म्हणजे फांद्या वाढतील.

जाड फांदी कापताना आधी खालून थोडी खाच घ्या, मग वरून कापा. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते. कापलेल्या जागेला बोर्डो पेस्ट लावा : 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम चुना अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळे भिजवून एकत्र करायचे, प्लास्टिकच्या भांड्यात. हीच पेस्ट उघड्या पडलेल्या खोडालाही लावा. इतकी वर्षं सावलीत असलेली साल उन्हाने भाजते.

हाच नियम अंगणात?

जास्वंद, कामिनी, मेंदीचं कुंपण, हे सगळे पेरूसारखेच : जुन्या लाकडातून फुटतात. घाई नसेल तर दरवर्षी एक तृतीयांश जुन्या फांद्या बुडाशी काढा. तीन वर्षांत झुडूप नवं होतं आणि अंगणही उघडं पडत नाही.

मोरपंखीचं मात्र वेगळं. तिच्या आतल्या तपकिरी, पानं नसलेल्या लाकडात फुटायला जवळपास काहीच नसतं. तिथवर कापलं तर ते भगदाड कायमचं. तिला फक्त हिरव्या भागातच कात्री लावा, आणि तीही दरवर्षी, थोडी-थोडी.

कोणत्याही झुडपाबद्दल शंका असेल तर एक जुनी फांदी कापून महिना-दीड महिना थांबा. तिथे डोळा फुटला, तर बाकीच्या फांद्यांना हात लावायला हरकत नाही.