दात लगेच बसवावा की थांबावे?

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण दैवाच्या लहरीबद्दल वापरतो. शहागंजच्या दवाखान्यात बसले की ती अगदी शब्दशः खरी असल्याचे कळते. दाढा पडल्या की माणूस आधी शेंगदाणे सोडतो, मग मोडाची उसळ, पेरू, काकडी सोडतो. शेवटी भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून गिळू लागतो. पचन बिघडते, मलावरोध होतो, वजन उतरते. मधुमेही असेल तर मऊ भात आणि बिस्किटांवर भर वाढून साखर चढते. म्हणून पडलेल्या दाताचा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही.

अलीकडे मात्र रुग्ण वेगळाच प्रश्न घेऊन येतात. ‘‘डॉक्टरसाहेब, आज दात काढून आजच नवा पक्का दात बसवून मिळतो म्हणे. बसवू का?’’ मी दंतवैद्य नाही. पण दात बसवण्याआधी साखर, रक्तदाब आणि चालू औषधे तपासून घेण्यासाठी हे रुग्ण माझ्याकडेच येतात. त्यामुळे या विषयाची नीट माहिती वाचकांना असावी असे वाटते.

इम्प्लांट म्हणजे काय?

पडलेल्या दाताच्या जागी तीन प्रकारे दात बसवता येतो. पहिली, काढघाल करण्याची कवळी. दुसरा ब्रिज, म्हणजे शेजारचे दोन दात घासून त्यांच्या आधारावर मधला दात बसवणे. तिसरा इम्प्लांट. यात जबड्याच्या हाडात टायटॅनियम धातूचा छोटा स्क्रू बसवतात. तो दाताच्या मुळाचे काम करतो. त्याच्यावर पुढे कॅप बसते. शेजारच्या दातांना हात लागत नाही, हा याचा मोठा फायदा.

हा शोध योगायोगाने लागला. १९५२ साली स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचे बारीक उपकरण बसवून रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. प्रयोग संपल्यावर ते उपकरण काढायला गेले, तर निघेना. हाड धातूला घट्ट चिकटले होते. १९६५ साली त्यांनी गोस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. लार्सन यांचा मृत्यू २००६ साली झाला. चाळीस वर्षांहून अधिक काळ ते याच दातांनी जेवले. आजही नीट निवडलेल्या आणि निगा राखणाऱ्या रुग्णांत दहा वर्षांनंतर शंभरांपैकी नव्वदहून अधिक इम्प्लांट टिकून असतात.

थांबायचे कशासाठी?

ब्रोनेमार्क यांची मूळ पद्धत सबुरीची होती. स्क्रू बसवायचा, वरून हिरडी शिवायची आणि खालच्या जबड्यात सुमारे तीन महिने, वरच्या जबड्यात सुमारे सहा महिने थांबून मगच दात बसवायचा. वरच्या जबड्याचे हाड खालच्यापेक्षा भुसभुशीत, म्हणून त्याला जास्त मुदत.

यामागचे कारण समजून घ्या. लाकडात स्क्रू पिळला की तो लगेच घट्ट बसतो. तसाच इम्प्लांटही पहिल्या दिवशी केवळ पिळाच्या जोरावर उभा असतो. पुढे शरीर स्क्रूलगतचे दुखावलेले हाड थोडे विरघळवते आणि त्या जागी नवे हाड घालते. जुनी पकड सैल होत असते आणि नवी अजून पुरती आलेली नसते, असा नाजूक काळ साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात येतो. नेमक्या याच सुमारास दुखणे थांबलेले असते. रुग्णाला वाटते, झाले काम! मग नान-खलियातली नळी फोडण्याचा मोह होतो. या काळात स्क्रू मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्शापेक्षा जास्त हलत राहिला, तर त्याच्याभोवती हाडाऐवजी नुसता तंतूंचा पापुद्रा तयार होतो. मग तो स्क्रू कधीच पक्का होत नाही, काढावाच लागतो.

मग ‘लगेच’ शक्य आहे की नाही?

शक्य आहे. ती फसवणूक नाही. मात्र ‘लगेच’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात.

एक, दात काढल्याबरोबर त्याच खड्ड्यात इम्प्लांट बसवणे. दात काढल्यानंतर हाड झिजते. वर्षभरात त्या जागेची रुंदी जवळजवळ निम्मी कमी होऊ शकते आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. म्हणून वर्षानुवर्षे चालढकल करणेही बरे नव्हे. मात्र खड्ड्यात पू असेल किंवा बाहेरची हाडाची भिंत तुटली असेल, तर आधी जखम भरू द्यावी लागते.

दोन, इम्प्लांट बसवल्यावर आठवड्याच्या आत त्यावर दात चढवणे. हा दात बहुधा तात्पुरता असतो. पुढचा एकच दात असेल तर तो मुद्दाम किंचित आखूड ठेवतात, म्हणजे तोंड मिटल्यावर समोरच्या दातावर आदळत नाही. तो दिसण्यासाठी असतो, चावण्यासाठी नव्हे. कायमचा दात काही महिन्यांनीच बसतो.

तीन, संपूर्ण जबड्यासाठी चार किंवा अधिक इम्प्लांट बसवून त्यांना एकाच पट्टीने जोडणे. बैलगाडीला चार बैल जुंपले की ओझे वाटले जाते, तसे येथे होते. म्हणून या पद्धतीत लवकर दात देता येतात. तरीही पहिले दोन-तीन महिने मऊच खावे लागते.

लगेच दात द्यायचा की नाही, हे दंतवैद्य स्क्रू पिळताना ठरवतात. त्यासाठी जोर मोजणारा पाना असतो. स्क्रू पुरेसा घट्ट बसला तरच दात चढवतात. म्हणजेच शस्त्रक्रियेआधी ‘शंभर टक्के आजच दात देतो’ असे वचन कोणालाच देता येत नाही. हाड चांगले असेल तर लगेच दात देऊनही निकाल चांगले लागतात. तरी थांबून केलेल्या कामापेक्षा, विशेषतः एकाच दाताच्या बाबतीत, जोखीम थोडी अधिक असते.

एक उदाहरण

आमच्या भागातील एक व्यापारी, वय पंचावन्नच्या आसपास. मुलीचे लग्न तीन आठवड्यांवर आले आणि वरचा पुढचा दात मोडला. एका ठिकाणी त्यांना दात काढून त्याच दिवशी नवा देण्याचे सांगितले होते. माझ्याकडे ते फक्त ‘फिटनेस’ची चिठ्ठी न्यायला आले. साखर तपासली तर उपाशीपोटी २४० आणि तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, १० च्या वर. शिवाय गालात सुपारी. मी चिठ्ठी दिली नाही. ते रागावले. ‘‘लग्नात मी तोंडाला रुमाल लावून उभा राहू का?’’ त्यांचे म्हणणे चूक नव्हते. मुलीच्या बापाला त्या दिवशी हसता आले पाहिजे.

त्यावर उपाय साधा होता. दात काढल्यावर त्या जागी एका दाताची काढघाल करण्याची छोटी प्लेट बसवून दिली. थोड्या खर्चात लग्न हसतमुखाने पार पडले. पुढे चार महिने औषधे, चालणे आणि सुपारी बंद, असे करून साखर आटोक्यात आणली आणि मग इम्प्लांट झाला. ‘लगेच दात’ आणि ‘लगेच इम्प्लांट’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे यातून लक्षात यावे.

कोणी सांभाळून राहावे?

मधुमेह असला म्हणून इम्प्लांट होतच नाही असे नाही. पण साखर आटोक्यात हवी. एचबीएवनसी ७ च्या आसपास, निदान ८ च्या खाली आणल्याशिवाय घाई करू नये.

तंबाखू आणि विडीने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण वाढते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी खाणारे खातातच. त्यात सुपारीने ज्यांचे तोंड पुरते उघडत नाही, त्यांच्या तोंडात हत्यारेच शिरत नाहीत. तोंड कमी उघडणे ही कर्करोगापूर्वीची अवस्था असू शकते. त्यांनी दाताआधी त्याची तपासणी करावी.

हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदा इंजेक्शन घेणाऱ्या महिलांनी ते दंतवैद्यांना आवर्जून सांगावे. या औषधांमुळे क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. दात काही दिवसांनीही बसवता येईल, पण हृदयविकाराचा झटका वाट पाहत नाही. हृदयाची झडप बदललेल्यांनी आणि जबड्याला किरणोपचार घेतलेल्यांनी आधी संबंधित डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मुलांच्या जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण अठराव्या वर्षापर्यंत, इम्प्लांट बसवू नये.

विचारून घ्या

खर्च एका दातामागे काही हजारांत आणि पूर्ण जबड्याला लाखांत जातो. म्हणून संकोच न करता विचारा : सांगितलेल्या रकमेत कायमचा दात धरला आहे का? स्क्रू कोणत्या कंपनीचा? त्याचा क्रमांक लिहिलेले कार्ड मिळेल का? हाडाचा स्कॅन केला का? स्क्रू पक्का झाला नाही तर पुढे काय? आपल्या शहरात १९८२ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. दुसरे मत घ्यायला किंवा परवडणारी कवळी करायला तेथे जरूर जावे. मात्र बाजारात रस्त्याच्या कडेला बसून शेजारच्या दातांना मसाल्याने दात चिकटवून देणाऱ्यांकडे जाऊ नका. त्याखाली घाण साचून चांगले दातही जातात.

इम्प्लांट किडत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजते आणि हाड झिजू शकते. म्हणून दोन वेळा ब्रश, फटींसाठी बारीक ब्रश आणि सहा महिन्यांनी तपासणी आवश्यक आहे. बसवल्यानंतर स्क्रू हलू लागला, पू आला, सूज तिसऱ्या दिवसानंतरही वाढत राहिली किंवा भूल उतरूनही ओठ बधिर राहिला, तर त्याच दिवशी दंतवैद्यांना दाखवा.

दात गेला तर वर्षानुवर्षे तसेच राहू नका आणि एका दिवसाच्या घाईलाही बळी पडू नका. आधी साखर तपासा, सुपारी थुंका आणि मग दंतवैद्यांच्या खुर्चीत बसा.