भिंतीवरची वारली कॅनव्हासवर जाते तेव्हा काय बदलतं?

हरसूल, जव्हार, डहाणू हा सगळा वारली वस्तीचा पट्टा. इथली चित्रकला आज कॅनव्हासवर, फ्रेम करून विकली जाते. पण ती जन्मली भिंतीवर. मग कापडावर आणताना काय करावं लागतं?

मूळ पद्धत

कारवीच्या कुडाची भिंत शेणमातीनं सारवायची, वर गेरू लावायचा. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं आणि टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीनं रेघ ओढायची. लग्नघरात पालघट देवीचा चौक सुवासिनी लिहितात. काही काळानं तो झडतो. पुढच्या लग्नाला नवा.

कापडावर अडचण काय?

भिंत खरखरीत असते, पाणी शोषते आणि हलत नाही. कापड हलतं, गुंडाळलं जातं. वाळलेलं पीठ लवचीक नसल्यानं तडकतं. दमट हवेत त्याला बुरशीही येते.

म्हणून साध्या सुती कापडावर शेणाच्या पाण्याचा किंवा गेरूचा हात देतात आणि पिठात डिंक घालतात. दुकानातल्या कॅनव्हासवर प्रायमर असतो, त्यात पीठ मुरत नाही. तिथे अ‍ॅक्रिलिक रंग कामाला येतो. तो वाळल्यावरही लवचीक राहतो.

इंडोनेशियाच्या बाटिकलाही हीच अडचण येते. बाटिकचं मेण कापडात आरपार मुरावं लागतं. प्रायमर लावलेल्या कॅनव्हासवर ते वरच राहतं.

माणसंही बदलली

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी डहाणू भागातल्या वारल्यांना कागद आणि रंग दिले. गंजाडचे जिव्या सोमा मशे पुढे जगभर पोहोचले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्राखाली सही आली, हाताला पैसा आला. पण ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिले, त्यांची नावं फारशी नोंदलेली नाहीत.

विकत घेताना काय पाहाल?

वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाजारात छापील कॅनव्हास भरपूर दिसतात. चित्र उजेडात तिरकं धरा. हाताची रेघ किंचित उठावदार असते, तिची जाडी कमी-जास्त होते. छापील रेघ सपाट असते. आणि चित्र कुणी काढलं, कुठल्या पाड्यावरचं, हे नक्की विचारा. विकणाऱ्याला ते सांगता आलं पाहिजे.